वाद नेमका कोठें आहे?

आमच्या सायखेड्यास पूर नवा नाहीं. गोदावरीस आम्ही गंगाच म्हणतों, आणि ही गंगा चार-दोन वर्षांआड बाजारपेठेपर्यंत येऊन आपली ओळख देऊन जाते. पाणी ओसरलें, दुकानांतला गाळ उपसून झाला, म्हणजे ओट्यावर बसून एक वाद सुरू होतो. तो मीं आजवर किती वेळां ऐकला असेल याची गणती नाहीं. एक गृहस्थ म्हणतात, "पुलाला पाणवेली येऊन अडकतात, पाणी तुंबतें, म्हणून गांवांत शिरतें." दुसरे तावातावानें म्हणतात, "मुळींच नाहीं! वरून धरणाचें पाणी एकदम सोडतात, म्हणून शिरतें." मग आवाज चढतात, मागच्या पुराच्या नुकसानभरपाईच्या याद्या निघतात, आणि शेवटीं कोणाच्या आजोबांनीं नदीच्या पात्रांत किती बांध घातला येथपर्यंत गोष्ट जाते. वास्तविक धरणांतून पाणी सुटतें हें पहिल्यानें नाकारलेलें नसतें, आणि पुलाला वेली अडकतात हें दुसऱ्यानें नाकारलेलें नसतें. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीं खऱ्या असूं शकतात. तें "मुळींच नाहीं" कोणत्या वाक्यास उद्देशून होतें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय मला एका मुलीनें दिला. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारची ही मुलगी कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत होती. एके दिवशीं ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, या एका प्रकारच्या प्रश्नांत माझे सगळे गुण जातात." प्रश्न असा, कीं दोन माणसांचें बोलणें दिलेलें असतें आणि खालीं पांच वाक्यें असतात, या दोघांचा मतभेद यांपैकीं कोणत्या वाक्याविषयीं आहे तें ओळखावयाचें. दिसावयास सोपें, पण फसवें. मीं तिला एवढेंच सांगितलें, कीं प्रत्येक वाक्य घेऊन पहिल्या माणसाकडे जा आणि विचार, "हें तुम्हांस मान्य आहे काय?" मग तेंच वाक्य, एक अक्षरहि न बदलतां, दुसऱ्याकडे ने. एकाच्या बोलण्यावरून 'होय' आणि दुसऱ्याच्या बोलण्यावरून 'नाहीं' असें उत्तर निघणें भाग असेल, तर तेथें वाद आहे. ज्या वाक्यावर दोघांपैकीं एकजण कांहीं बोललाच नाहीं, तें वाक्य कितीहि भांडखोर दिसलें तरी सोडून दे. मुलें फसतात तीं बहुधा येथेंच. एक जण खर्चाविषयीं बोलतो, दुसरा उपयोगाविषयीं. मुलांना वाटतें कीं दोघे विरुद्ध आहेत, म्हणजे प्रत्येक गोष्टींत विरुद्ध असलेच पाहिजेत.

ही युक्ति माझी नव्हे, आणि ज्या परदेशी पुस्तकांवरून हे प्रश्न हल्लीं उतरून घेतात त्यांची तर नव्हेच. आपल्याकडील नैयायिकांनीं तिला फार पूर्वीं नांव देऊन ठेवलें आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्य काय तें कळावें म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां केवळ दुसऱ्याचा पक्ष पाडावयाचा, ती वितंडा. मराठींत आपण निरर्थक हुज्जतीस वितंडवाद म्हणतों, पण मूळ शब्दांत निरर्थकपणा नाहीं, बिनपक्षीपणा आहे. बावीस निग्रहस्थानें, म्हणजे वाद हरल्याच्या बावीस खुणा, तेथें मोजल्या आहेत, आणि त्यांत 'अर्थांतर' म्हणून एक आहे: प्रस्तुत विषय सोडून भलतेंच बोलूं लागणें. आमच्या ओट्यावर हा नियम लावला तर पहिल्या पांच मिनिटांत सगळेच हरतील. शब्दांच्या कसरतीस छल म्हणत, व त्याचें ठराविक उदाहरण मोठें गमतीचें आहे. एक म्हणतो, हा मनुष्य 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्या अंगावर नवी कांबळ आहे. दुसरा म्हणतो, छे, याच्याजवळ नऊ कोठें आहेत, एकच तर आहे!

या सर्वांहून आपल्या कामाचा शब्द म्हणजे 'विप्रतिपत्ति'. एकाच वस्तूविषयीं दोन परस्परविरुद्ध विधानें समोर येणें, आणि त्यांतून ऐकणाऱ्याच्या मनांत संशय उत्पन्न होणें, याला हें नांव आहे. पुढें पुढें तर, वादास आरंभ करण्यापूर्वीं मध्यस्थानें विप्रतिपत्तिवाक्य स्पष्ट मांडलें पाहिजे कीं नको, यावरच पंडितांची चर्चा होऊं लागली. सोळाव्या शतकांतील मधुसूदन सरस्वतींच्या 'अद्वैतसिद्धी'त प्रारंभींच हा विषय आला आहे. प्रपंच मिथ्या आहे कीं नाहीं हें ठरविण्याआधीं, 'मिथ्या' म्हणजे काय आणि कोण कशास हो म्हणतो व कशास नाहीं म्हणतो हें आधीं ठरवावयाचें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. त्या ग्रंथाच्या खोल पाण्यांत उतरण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु काठावरून जेवढें दिसलें तेवढ्यानेंहि मला आपल्या जवळच्या इतिहासांतील एक प्रकरण निराळें दिसूं लागलें.

तें प्रकरण टिळक आणि आगरकर यांचें. दोघांचा जन्म १८५६ सालचा, एवढेंच नव्हे तर एकाच जुलै महिन्याचा. दोघे डेक्कन कॉलेजांत एकत्र. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या बरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढण्यांत एकत्र. १८८१ सालीं 'केसरी' व 'मराठा' निघाले त्यांत एकत्र. आणि १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत डोंगरीच्या तुरुंगांतहि एकत्र. १०१ दिवस त्यांनीं तेथें काढले, व आगरकरांनीं त्यावर पुस्तक लिहिलें. इतके जवळचे दोन मित्र पुढें एकमेकांविरुद्ध लिहूं लागले. आगरकर १८८७ सालीं 'केसरी'च्या संपादकपदावरून दूर झाले व पुढील वर्षीं त्यांनीं 'सुधारक' काढला. टिळक १८९० सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. पुण्याच्या सनातनी मंडळींनीं आगरकरांची, ते जिवंत असतांना, प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या जून महिन्यांत, वयाचीं चाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, आगरकर वारले.

यांचा वाद कशाविषयीं होता? शाळेंत आम्हांला जें शिकविलें तेंच मीं पुढें पस्तीस वर्षें शिकविलें: 'आधीं राजकीय सुधारणा कीं आधीं सामाजिक सुधारणा.' परीक्षेंत मुलें हें वाक्य लिहीत आणि मी पूर्ण गुण देत असें. आतां त्या मुलीला सांगितलेला नियम याच वाक्यास लावूं. 'देशाला राजकीय हक्क मिळाले पाहिजेत' हें वाक्य घेऊन आगरकरांकडे गेलों तर ते 'होय' म्हणतील; त्यांच्या 'सुधारका'त सरकारच्या कारभारावर टीका कांहीं थोडी नाहीं. 'लहान मुलींचीं लग्नें करणें वाईट' हें वाक्य घेऊन टिळकांकडे गेलों तर? पुष्कळांस आश्चर्य वाटेल, पण उत्तर 'होय' असेंच येतें. १८९० च्या अखेरीस टिळकांनीं सुधारकांपुढें प्रतिज्ञांची एक यादी ठेवली होती: मुलीचें लग्न सोळा वर्षांपूर्वीं आणि मुलाचें वीस वर्षांपूर्वीं करूं नये; चाळिशी उलटलेल्या पुरुषानें लग्न करूं नये, केल्यास विधवेशींच करावें; हुंडा घेऊं नये; दारू पिऊं नये; विधवांचें वपन करूं नये; उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामास द्यावा. ज्यांना हें मान्य असेल त्यांनीं सह्या करून स्वतःस बांधून घ्यावें, असें त्यांचें म्हणणें. ही सूचना मनापासून होती कीं सुधारकांना अडचणींत आणण्यासाठीं होती, यावर तेव्हांहि तर्क झाले. पण हेतु हा निराळा प्रश्न आहे. बोललेल्या वाक्यावर वाद ठरवावयाचा, मनांतल्यावर नव्हे. मनांतलें घेऊं लागलों तर वादास अंतच राहणार नाहीं.

उरलें 'आधीं' हें अक्षर. एक सुधारणा पुरी झाल्याखेरीज दुसरीस हात लावूं नये, असें काटेकोर वाक्य केलें तर दोघांपैकीं कोणाचीहि त्यास संमति मिळेल असें मला वाटत नाहीं. या क्रमाच्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार १८८६ सालीं काशिनाथ त्रिंबक तेलंगांनीं एका व्याख्यानांत केला, आणि त्यांनींहि जेथें विरोध कमी तेथून पुढें जावें असा व्यवहाराचा मार्ग सांगितला. दुसरें काम सोडून द्या असें सांगितलें नाहीं. तात्पर्य, ज्या वाक्यास मी वर्षानुवर्षें पूर्ण गुण देत आलों त्यांत वादाचा विषय दिसतो, वादाचें वाक्य दिसत नाहीं.

तें वाक्य पुढें आलें १८९१ सालीं, संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं. त्याची हकीकत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. १८६० च्या इंडियन पीनल कोडांत अशी तरतूद होती कीं दहा वर्षांखालील मुलीशीं, ती पत्नी असली तरी, शरीरसंबंध केल्यास तो बलात्कार. १८८४ सालीं मुंबईच्या बेहरामजी मलबारींनीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य यांवर टिपणें प्रसिद्ध करून देशभर चर्चा उठविली. पुढें १८९० सालीं कलकत्त्यास एक खटला चालला. फुलमणि नांवाची बालिका पतीच्या संबंधामुळें रक्तस्राव होऊन मेली होती. पण तिनें दहा वर्षें ओलांडलेलीं असल्यामुळें बलात्काराचा आरोप तेथें लागूंच होईना, आणि पतीस दुसऱ्या, हलक्या कलमाखालीं एक वर्षाची शिक्षा झाली. या खटल्यानें लोक हादरले. १८९१ च्या जानेवारींत सर अँड्र्यू स्कोबल यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत बिल मांडलें, आणि १९ मार्च रोजीं तें पास झालें. दहाच्या जागीं बारा, एवढाच फरक. या दोन वर्षांच्या फरकावरून पुण्यांत सभा भरल्या, सभा उधळल्या, आणि घराघरांत बापलेकांचे अबोले झाले.

या गदारोळांत एक वाद नव्हता, निदान तीन होते, आणि लोक एकाचें उत्तर दुसऱ्यास देत होते.

पहिला शास्त्राचा. मुलीस ऋतु प्राप्त झाल्याबरोबर गर्भाधान संस्कार केलाच पाहिजे, न केल्यास दोष, अशी शास्त्राची आज्ञा आहे काय? टिळक म्हणत, आहे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर म्हणत, असें बंधन नाहीं. भांडारकरांनीं त्यावर १८९१ सालीं धर्मशास्त्रांतील वचनें गोळा करून टिपण लिहिलें, टिळकांनीं त्यास आपल्या पत्रांतून उत्तरें दिलीं. हा वाद अगदीं निर्मळ आहे: वाक्य एक, एकाचा होकार, दुसऱ्याचा नकार, आणि निकालाचें साधन, म्हणजे ग्रंथांतील वचनें, दोघांस मान्य. दोघे संस्कृताचे गाढे जाणकार. न्यायशास्त्राच्या भाषेंत ज्यास वाद म्हणावें तो या सगळ्या धामधुमींत एवढाच झाला असावा.

पण हेंच वाक्य घेऊन आगरकरांकडे जा. शास्त्राची तशी आज्ञा आहे काय? आगरकर हो म्हणत नाहींत, नाहीं म्हणत नाहींत. असली तरी मला काय, असें त्यांचें उत्तर. एखाद्या चालीचा बरेवाईटपणा बुद्धीनें आणि माणुसकीनें ठरवावयाचा, पोथीनें नव्हे, ही त्यांची भूमिका. म्हणजे ज्या वाक्यावर टिळक आणि भांडारकर झुंजत होते, त्या वाक्यावर टिळक आणि आगरकर यांच्यांत वाद नाहीं. उलट, 'सुधारणेस शास्त्राचा आधार दाखविणें अवश्य आहे' हें वाक्य घेतलें, तर भांडारकर टिळकांच्या बाजूस येऊन उभे राहतात आणि आगरकर एकटे पलीकडे! आपण एका ओळींत 'सुधारक' म्हणून ज्यांचीं नांवें घेतों, त्यांच्यांत केवढी दरी होती हें असें एकेक वाक्य फिरवून पाहिल्यावांचून कळत नाहीं. मला स्वतःला हें साठी उलटल्यावर कळलें, याची थोडी लाज वाटते.

दुसरा वाद परिणामाचा. कायद्यानें हें थांबेल काय? घरांतल्या घरांत, चार भिंतींआड घडणाऱ्या गोष्टीचा पुरावा कोण देणार. पोलीस मात्र घरांत शिरतील, आणि कायदा सूड उगविण्याचें हत्यार होईल, असें विरोधक म्हणत. समर्थक म्हणत, धाक तरी बसेल, आणि आईबापांस नाहीं म्हणावयास आधार मिळेल. हा वाद शास्त्रानेंहि मिटणारा नव्हता व तत्त्वज्ञानानेंहि नव्हता. तो वाट पाहून मिटणारा होता. ज्या वादाचा निकाल काळ देणार आहे त्यावर आजच आवाज चढविणें हा वेळेचा मोठा अपव्यय आहे, असें मला ओट्यावरच्या मंडळींस नेहमीं सांगावेंसें वाटतें, पण तेवढा धीर होत नाहीं.

तिसरा वाद मात्र टिळक-आगरकरांचा खरा. 'या चालीस आळा घालण्यासाठीं सरकारनें कायदा करावा.' आगरकर: होय. टिळक: नाहीं. येथें दोघे समोरासमोर आहेत. पण हेंहि वाक्य अजून जाड आहे; त्याला आणखी चाळणी लावली पाहिजे. सरकारनें यांत पडूंच नये असें म्हणावें, तर १८६० पासून दहा वर्षांची मर्यादा कायद्यांत होतीच, आणि तिच्याविरुद्ध अशा सभा भरल्या नव्हत्या. मग दोनच वर्षें वाढविल्यानें धर्म कसा बुडाला? हा प्रश्न बिनतोड दिसतो, पण विरोधकांपाशीं उत्तर होतें. दहा वर्षांपूर्वीं ऋतु प्राप्त होत नाहीं, म्हणून जुन्या मर्यादेचा संस्काराशीं विरोध येत नव्हता. बाराच्या आंत क्वचित् प्राप्त होतो, म्हणून नव्या मर्यादेचा येतो. तेव्हां वाक्य बारीक होत होत असें झालें: 'जेथें धर्माज्ञा आणि मुलीच्या शरीराची सुरक्षितता यांचा विरोध येईल, तेथें परकीय सरकारनें कायद्यानें सुरक्षिततेची बाजू घ्यावी.'

या वाक्यांत दोन खुंट्या आहेत, 'धर्माज्ञा' आणि 'परकीय'. टिळकांचा नकार कोणत्या खुंटीस टांगलेला होता? नियम असा, कीं एक शब्द काढून टाकावा आणि उत्तर बदलतें कीं काय तें पाहावें. 'परकीय' काढला, आपलेंच राज्य आहे असें धरलें, तर आगरकरांचें उत्तर बदलत नाहीं, हें उघड आहे. टिळकांचें बदलेल काय? १८९१ मधील त्यांच्या लेखांत दोन्ही कारणें हातांत हात घालून येतात. परकीयांस आपल्या घरांत बोलावूं नये हें एक, आणि शास्त्राज्ञा मोडूं नये हें दुसरें. दुसरें कारण स्वराज्यांतहि तसेंच उभें राहतें. टिळक १९२० सालीं गेले. स्वराज्याचें कायदेमंडळ त्यांनीं पाहिलें नाहीं, आणि इतिहासानें हा शब्द काढून त्यांस पुन्हां प्रश्न विचारला नाहीं. पण एक गोष्ट यावरून ध्यानांत येते. प्रतिपक्षी दोन कारणें देत असेल आणि आपण एकाचेंच उत्तर देत राहिलों, तर आपणांस वाटतें उत्तर झालें, आणि त्यास वाटतें कीं आपलें ऐकलेंच नाहीं. सुधारक शास्त्राचें उत्तर देत राहिले; ज्यांना परकीय हस्तक्षेपाची चीड होती त्यांना तें उत्तर आपणांस उद्देशून आहे असें वाटेच ना.

येथें तेलंगांची गोष्ट पुन्हां आठवते. मलबारींच्या चळवळीच्या वेळीं विवाहाच्या वयांत सरकारनें पडूं नये असें तेलंग म्हणत होते, आणि १८९१ च्या बिलास मात्र त्यांनीं पाठिंबा दिला. विरोधकांनीं त्यांस कोलांटी उडी मारणारे ठरविलें. परंतु दोन वेळचीं वाक्यें एक आहेत काय? लग्न केव्हां करावें हें सरकारनें ठरवावें, हें एक वाक्य. बालिकेच्या शरीरास अपाय होऊं नये म्हणून सरकारनें शिक्षा ठेवावी, हें दुसरें. पहिल्यास नाहीं आणि दुसऱ्यास होय म्हणणारा मनुष्य स्वतःस खोडून काढतो असें होत नाहीं. त्यांचें वागणें मागेंपुढें झालें असेल. तर्क मात्र अभंग आहे.

वागणें आणि वाक्य यांची गफलत तर नेहमींची. न्यायमूर्ति रानडे हे आमच्याच तालुक्याचे. १८४२ सालीं निफाडास जन्मले, आणि त्यांचें नांव आमच्याकडे घरच्या माणसासारखें घेतात. १८७३ सालीं पहिली पत्नी वारल्यावर, विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्यानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं लग्न केलें. यावरून त्यांची हेटाळणी झाली, व ती अगदींच अन्यायाची होती असें मी म्हणणार नाहीं. परंतु रानडे दुबळे ठरले म्हणून विधवाविवाह वाईट ठरत नाहीं. माणसाचा कमीपणा दाखविला कीं त्याच्या विधानाचें खंडन झालें, असें मानणाऱ्यांची संख्या तेव्हां मोठी होती, आतांहि लहान नाहीं.

रानड्यांस वादाचें वाक्य ओळखण्याची दृष्टि विशेष होती, असें मला १८९५ च्या प्रसंगावरून वाटतें. १८८७ पासून त्यांची सामाजिक परिषद राष्ट्रसभेच्या जोडीनें भरत असे. १८९५ च्या डिसेंबरांत राष्ट्रसभा पुण्यास, सुरेंद्रनाथ बानर्जींच्या अध्यक्षतेखालीं भरावयाची होती, आणि तिच्या मंडपांत सामाजिक परिषद भरूं द्यावयाची नाहीं असा पुण्यांतील एका मोठ्या पक्षानें हट्ट धरला. बोलणीं पुष्कळ झालीं. मंडप पेटविण्यापर्यंतच्या वल्गना उठल्या. रानड्यांनीं पाहिलें कीं 'सामाजिक सुधारणा हवी कीं नको' हें वाक्य येथें वादांत नाहींच. वादांत आहे तें 'याच मंडपांत' एवढेंच. त्यांनीं मंडप सोडला आणि परिषद दुसरीकडे भरविली. परिषद झाली, राष्ट्रसभाहि झाली. त्यांच्या मित्रांना हा पराभव वाटला. मला तसा वाटत नाहीं. ज्या वाक्यावर हार पत्करली तें वाक्यच लहान होतें.

आतां परिणामाच्या वादाचा काळानें दिलेला निकाल सांगतों, कारण तो क्वचित् सांगितला जातो. १८९१ चा कायदा झाल्यावर त्याखालीं खटले फारच थोडे झाले. घरोघर पोलीस शिरतील ही भीति खोटी ठरली, आणि धाक बसेल ही आशाहि बव्हंशीं खोटी ठरली. १९२५ सालीं पत्नीच्या बाबतींत मर्यादा तेरा झाली. १९२८ सालीं वऱ्हाडचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें एक समिति नेमली. देशभर साक्षी घेऊन तिनें १९२९ सालीं सांगितलें कीं असा कायदा आहे हेंच पुष्कळ लोकांस ठाऊक नाहीं, आणि केवळ संमतिवय वाढवून भागणार नाहीं, लग्नाचेंच वय ठरविलें पाहिजे. त्याच वर्षीं सारडा कायदा पास झाला: मुलीस चौदा, मुलास अठरा. स्वराज्य आल्यावर १९४९ सालीं मुलींची मर्यादा पंधरा झाली, १९७८ सालीं मुलीस अठरा व मुलास एकवीस. पत्नीच्या संमतिवयाचें कलम मात्र मागेंच राहिलें होतें; तें २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें अठरापर्यंत आलें. दहापासून अठरापर्यंत यावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्यांतील शेवटचीं सत्तर वर्षें राज्य आपलेंच होतें. 'परकीय' हा शब्द काढून पाहण्याचा प्रयोग इतिहासानें टिळकांवर केला नाहीं, आपल्यावर केला.

हें सारें मीं त्या मुलीस दोन-तीन बैठकींत सांगितलें, आणि शेवटीं प्रश्नपत्रिकेच्या धाटणीनें पांच वाक्यें लिहून दिलीं: टिळक आणि आगरकर यांचा मतभेद यांपैकीं कोणत्या वाक्याविषयीं आहे? तिनें कायद्याच्या वाक्यावर बरोबर खूण केली. मग जरा थांबून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या पांच वाक्यांत मुलीच्या मर्जीचें वाक्य कसें नाहीं?"

मीं विचार केला, आणि खरेंच तें नव्हतें. बिलाचें नांव संमतिवयाचें. पण ज्या संमतीविषयीं एवढें रण माजलें, ती संमति देणारीस कोणी प्रश्न विचारला नव्हता. वास्तविक तें वाक्य १८९१ पूर्वींच मुंबईच्या हायकोर्टांत मांडलें गेलें होतें. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें. त्या मोठ्या झाल्यावर नांदावयास जाईनात, म्हणून पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा काढून टाकला. १८८६ सालीं अपिलांत तो निकाल फिरला. १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहींतर तुरुंगांत जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं दादाजींस दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. 'अजाणपणीं, संमतीवांचून झालेलें लग्न मुलीवर बंधनकारक आहे काय?' हें त्यांचें वाक्य. त्यावर त्यांचें उत्तर 'नाहीं'. टिळक या प्रकरणीं रखमाबाईंच्या विरुद्ध होते, आगरकर त्यांच्या बाजूचे. म्हणजे आगरकर 'केसरी' सोडून गेले त्याच वर्षीं, संमतिवयाच्या बिलाआधीं तीन-चार वर्षें, या दोन मित्रांच्या मध्यें तें वाक्य येऊन पडलेलें होतें, आणि माझ्या पांचांत तें नव्हतें.

मीं तें सहावें म्हणून खालीं लिहिलें. रखमाबाई पुढें विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथें त्यांनीं पुष्कळ वर्षें स्त्रियांच्या दवाखान्यांत काम केलें, आणि १९५५ सालीं, नव्वदी ओलांडून, वारल्या. मुलीनें कागद घडी करून पुस्तकांत ठेवला, आणि विचारलें कीं दोन वाक्यें बरोबर असलीं तर परीक्षेंत खूण कोणत्या वाक्यावर करावयाची.